सायलेन्सर एकाच जागी चार वेळा तुटला, दोष निघाला इंजिनच्या रबरात

मंडळी, हे जरा लांबणार आहे, पण ज्यांच्याकडं जुनी मिनी, म्हणजे ती छोटी इंग्लिश गाडी, आहे किंवा आडव्या इंजिनची कुठलीही जुनी गाडी आहे, अगदी पहिल्या पिढीतली मारुती ८०० सुद्धा, त्यांनी सायलेन्सर परत वेल्डिंगला न्यायच्या आधी वाचा. मी चार वेळा नेला. चारही वेळा वेल्डिंगवाल्यानं काम चांगलंच केलं होतं, त्याला बोल लावायला काही जागा नाही.

गाडी मामांची. १९७२ ची मिनी १०००, इंजिन ९९८ सीसी. मामा परदेशात नोकरीला होते, परत येताना बोटीनं आणली, नंतर बरीच वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती. आता जुळे सोलापूरला आमच्याकडं असती आणि रविवारी सकाळी अक्कलकोट नाहीतर तुळजापूर अशी एक फेरी होती. एवढाच काय तो वापर. तरीपण दर तीन-चार महिन्यांनी मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या, खाली, जिथं पाइप क्लॅम्पनं जोडलाय तिथं, फट फट फट आवाज सुरू. पहिल्यांदा तुळजापूरचा घाट चढताना झालं. गॅस वेल्डिंग केलं. दुसऱ्यांदा गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, तेव्हा ब्रेझिंग केलं. तिसऱ्यांदा क्लॅम्पच नवा टाकला आणि चौथ्यांदा पाइपचा तेवढा तुकडा कापून जाड नळीचा बसवला. जाड नळी नाही तुटली, तिच्या वरचा जोड तुटला, म्हणजे दुखणं बरं नाही झालं, दोन इंच वर सरकलं.

आता मागं वळून बघितलं की कळतं की गाडी सारखी सांगत होती, आपणच ऐकत नव्हतो. ह्या गाडीला गिअरचा लांब वाकडा दांडा आहे जो थेट गिअरबॉक्सच्या मागच्या अंगातून फ्लोअरमधून वर येतो, नंतरच्या मॉडेलसारखं मधे रॉडचं लिंकेज नाही. त्यामुळं इंजिन हललं की दांडा हलतो. आणि आमचा दांडा क्लच सोडला की मागं झुकायचा आणि एक्सलेटर सोडला की पुढं, नंदीबैलानं मान हलवावी तसा. मला वाटायचं जुन्या गाडीचं असंच असतंय. शिवाय पहिल्या गिअरमधे निघताना गाडी बेडकासारख्या उड्या मारायची. एका मिस्त्रीनं क्लच प्लेट गेली म्हणून सांगितलं, मी जवळजवळ प्लेट मागवणारच होतो. तिसरी गोष्ट म्हणजे एक्सलेटर एकदम सोडला की समोरून ‘खाड’ असा एकच आवाज. एकदाच, नंतर गप्प.

निदान कुणी केलं तर आमच्या शेजारच्या अण्णांनी. अण्णा आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, गाडी त्यांनी कधी चालवली नाही. एका रविवारी बोनेट उघडं ठेवून मी बाहेरून नुसता कान देत होतो आणि पोरगं आत बसून क्लच सोडून बघत होतं, तर अण्णा चहाचा कप घेऊन आले, दोन मिनिटं बघितले आणि म्हणले, “इंजिन नाचायलंय की हो. पाइप तुटणार नाही तर काय होणार? माग असा नाचला की सुताची तार तुटतीच. तार गाठत बसलं तर दिवसभर गाठतच बसायचं. आधी मागाचा पाया बघायचा.” आणि कप ठेवून गेले. मी तिथंच उभा.

तर आता मूळ मुद्दा. मिनीचं इंजिन गाडीच्या रुंदीत आडवं आहे, गिअरबॉक्स त्याच्या खाली संपमधे, म्हणजे तेलाच्या टाकीतच आहे आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणारं, त्यालाच मागून चिकटलेलं, सगळं एकच गाठोडं. १९५९ ला अलेक इसिगोनिसनं हे असं बसवलं म्हणूनच तर दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसतात. पण ह्याची किंमत रबराला मोजावी लागती. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडरमधे इंजिन गाडीच्या लांबीत उभं, डिफरन्शियल मागं अ‍ॅक्सलमधे, त्यामुळं चाकं फिरवायच्या जोराचा उलटा धक्का बराचसा मागचा अ‍ॅक्सल आणि पाट्याचे स्प्रिंग घेतात. मिनीत तसं कुणीच नाही. पहिला गिअर ३.५ आणि डिफरन्शियल ३.४४, गुणाकार करा, म्हणजे इंजिनच्या टॉर्कच्या साधारण १२ पट जोर चाकांवर जातो आणि तेवढाच उलटा जोर ह्या गाठोड्यावर येतो. चाकं पुढं फिरतात, गाठोडं मागं उलटायला बघतं. त्याला धरून ठेवायला दोन बाजूंना दोन रबरी माउंटिंग, ज्याला आपल्याकडं फाउंडेशन म्हणतात, आणि वर एक वीतभर लांबीचा स्टेडी बार, म्हणजे दोन्ही टोकांना डोळे असलेला दांडा ज्याचं एक टोक इंजिनला आणि दुसरं बल्कहेडच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीच्या, बाजूच्या ब्रॅकेटला. त्या डोळ्यांत रबरी बुश. बास, एवढंच.

माउंटिंगचं काम वजन पेलायचं आणि बारचं काम झोका अडवायचं. हे वाक्य लक्षात ठेवा कारण मी इथंच चुकलो.

तपासायचं कसं, तर पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चौथा गिअर टाका, हॅण्डब्रेक सोडा, बोनेट उघडा आणि एकाला गाडी पुढं-मागं ढकलायला सांगा. इंजिनचं वरचं अंग हलताना दिसेल, थोडं हलणारच, रबर आहे ते. मी काय केलं, बल्कहेडला एक तार चिकटवली तिचं टोक रॉकर कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, बरोबर वर येईल अशी, आणि कव्हरवर खडूनं रेघा मारल्या. पहिल्या दिवशी टोकापासून टोकापर्यंत २६ मिलिमीटर. एक इंच! सायलेन्सरचा पाइप एका टोकाला इंजिनला बांधलाय आणि दुसऱ्या टोकाला बॉडीला लटकवलाय, मधे हा इंचभराचा झोका दर गिअरला. तार वाकवून वाकवून तोडतो तसंच की हे. दुसरी तपासणी इंजिन चालू ठेवून, आत माणूस, पाय ब्रेकवर घट्ट, पहिल्या गिअरमधे क्लच नुसता पकडेपर्यंत सोडायचा आणि लगेच दाबायचा. पण गाडीच्या पुढं उभं राहू नका, बाजूला थांबा, आणि आत बसणारा भरवशाचा असावा.

स्टेडी बार काढला. बोल्ट हातानं निघाला, पान्याची गरजच पडली नाही, तिथंच कळायला पाहिजे होतं. आतलं बुश म्हणजे बुश नव्हतंच, काजळीसारखी काळी पूड बोटाला लागली आणि मधे कुणीतरी कधीतरी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबलेले. बोल्टच्या मधे मानेसारखी खाच पडलेली आणि दांड्याचा डोळा गोल राहिला नव्हता, अंड्याच्या आकाराचा झाला होता. ‘खाड’ आवाज तो, लोखंडावर लोखंड.

मग उत्साहात मी नुसते बुश बदलले. डोळ्याला वेल्डिंगनं भरून अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर परत गोल करून घेतला, आतली स्टीलची स्लीव्ह नवीन टर्न करून घेतली, बोल्ट नवा, आणि बुश एका रबर मोल्डिंगवाल्याकडून नमुना देऊन करून आणले. झोका २६ वरून ९ वर आला. दोन महिने स्वर्ग. गिअरचा दांडा गप्प, निघताना झटका नाही. तिसऱ्या महिन्यात परत १५, चौथ्या महिन्यात परत फट फट. बार काढला तर नवे बुश एकाच बाजूनं चेपलेले, खालचा अर्धा भाग पापडासारखा आणि वरचा अर्धा अगदी नवाकोरा.

ही एकतर्फी झीज हीच खरी खूण आहे. झोक्यानं बुश झिजलं तर पुढं-मागं दोन्हीकडं झिजतं. खालच्या बाजूनं चेपलं म्हणजे इंजिन खाली बसलंय आणि बारला लोंबकळतंय, म्हणजे वजन पेलायचं काम पण बारच करतोय. दोष खाली, माउंटिंगमधे.

वरून बघितलं तर माउंटिंग चांगलं दिसत होतं, हो ना, वरून चांगलंच दिसतं. दोन लोखंडी पट्ट्यांच्या मधे रबर चिकटवलेलं असतं आणि ते चिकटलेलं सुटलं तरी इंजिनच्या वजनानं तोंड मिटलेलं राहतं. म्हणून गिअरबॉक्सच्या खाली जॅक लावायचा, मधे लाकडी फळी, कारण केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि नुसता जॅक त्याला भोक पाडेल, आणि इंजिन अगदी थोडं, पाच-सहा मिलिमीटर उचलायचं. आमच्या उजव्या माउंटिंगनं, क्लचच्या बाजूच्या, बेडकासारखा जबडा उघडला. रबर एका पट्टीवरून अर्धं सुटलेलं आणि उरलेलं फुगून बुळबुळीत, नखानं दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. डावं, रेडिएटरच्या बाजूचं, कडक पण शाबूत होतं.

उजवंच का? तेल. रॉकर कव्हरचं पॅकिंग उजव्या मागच्या कोपऱ्यात पाझरत होतं, तेल ओघळत फ्लायव्हील हाउसिंगवरून थेट ह्या माउंटिंगवर. साधं रबर इंजिनच्या तेलात फुगतं आणि मऊ पडतं, त्यात आपल्या सोलापूरचा मे महिना, बाहेर ४३-४४ डिग्री आणि बोनेटखाली विचारूच नका. म्हणजे साखळी अशी लागली: दीडदमडीचं कॉर्कचं पॅकिंग पाझरलं, त्यानं माउंटिंग खाल्लं, इंजिन बसलं, बारवर वजन आलं, बुश चेपले, इंजिन झुलायला लागलं, आणि सगळ्यात शेवटी तुटला बिचारा पाइप, ज्याला मी चार वेळा वेल्डिंग केलं. अण्णांना सांगितलं तर म्हणले, “मग आधी पॅकिंग बदललाव का नाही?” बदललं होतं बाबा, ह्यावेळी पहिलं तेच.

आता बदलायचं काम. दोन्ही माउंटिंग जोडीनं बदला, एक जुनं एक नवं ठेवलं तर इंजिन तिरकं बसतं. जोडी इंग्लंडहून मागवली, इथं करून घ्यायच्या भानगडीत पडलो नाही, बुश वेगळं आणि लोखंडाला चिकटवलेलं माउंटिंग वेगळं. नवं आणि जुनं शेजारी शेजारी ठेवलं तर उजवं जुनं ७ मिलिमीटर बुटकं झालं होतं. पाने इंची लागतात हे विसरू नका. बोल्टचं डोकं अर्ध्या इंचाचं म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला १३ चा पाना बसतो असं वाटतं आणि बसतो पण, पण गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा. मी एक बोल्ट असाच घालवला. दोन दिवस आधीपासून गंज सोडवायचं तेल मारत राहा.

डाव्या बाजूला रेडिएटरचा खालचा ब्रॅकेट माउंटिंगलाच अडकलेला असतो, त्यामुळं रेडिएटर हलवावा लागतो, पाणी काढूनच सुरुवात करा. उजव्या बाजूला माउंटिंग क्लचच्या कव्हरला बसतं, ते कव्हर सोडवल्याशिवाय निघत नाही आणि तिथं हात जायला जागा म्हणाल तर मुंगीला पण वळसा घालावा लागेल. एका वेळी एकच बाजू सोडा. आणि उचलताना फॅन, पाण्याचे होज, एक्सलेटरची केबल ह्यांच्यावर लक्ष ठेवा, पाच मिलिमीटर म्हणता म्हणता वीस होतात.

बार सगळ्यात शेवटी. माउंटिंगचे बोल्ट पूर्ण आवळा, जॅक काढा, इंजिन एकदा हातानं हलवून आपल्या जागी बसू द्या आणि मग बार लावा. बोल्ट हातानं सरळ आत गेला पाहिजे. पहारीनं इंजिन ढकलून बोल्ट घालायची वेळ आली तर थांबा, इंजिन जागेवर नाहीये, असाच आवळलात तर बुश पहिल्या दिवसापासून ताणाखाली. लांबी कमी-जास्त करता येणारा बार मिळतो, तो असेल तर त्याची लांबी इंजिनप्रमाणं लावा, इंजिन बारप्रमाणं नको. बुश बसवताना साबणाचं पाणी, ग्रीस नाही, का ते वर सांगितलंच.

बुश रबरी का पॉलियुरेथेनचे, ह्यावर लोक भांडतात. मी दोन्ही करून बघितलं. वरच्या बारला पॉली टाकले तर झोका ४ मिलिमीटरवर आला पण थांबलेल्या गाडीत डॅशबोर्ड असा भुणभुणायला लागला की शेजारी बसलेली बायको म्हणली पिठाची गिरणी चालू आहे का. रेस थोडी वाढवली की बंद, आयडलला परत सुरू. रोजच्या, म्हणजे रविवारच्या, गाडीला चांगल्या रबराचे बुश पुरतात, साधारण ६५-७० शोअर ए कडकपणाचे. मोल्डिंगवाल्याला नुसतं “जरा कडक बनव” म्हणू नका, आकडा सांगा. मला पहिल्यांदा त्यानं टायरसारखे टणक करून दिले होते. रेस लावणाऱ्यांनी खुशाल पॉली टाकावेत.

आमच्या गाडीला मुळात वरचा एकच बार होता. पुढच्या मॉडेलमधे कंपनीनंच खाली गिअरबॉक्सपासून सबफ्रेमपर्यंत, म्हणजे इंजिन ज्या चौकटीवर बसतं तिथपर्यंत, दुसरा दिला, तो मी बसवून घेतला आणि फरक गिअरच्या दांड्यात लगेच कळला. जमत असेल तर करा. पण माउंटिंग मेलेलं असताना दुसरा बार टाकणं म्हणजे लंगड्याला दुसरी काठी देणं, पायाचं आधी बघा.

अजून एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. पाइप खाली उतरल्यावर त्याला गिअरबॉक्सला धरणारा एक छोटा ब्रॅकेट असतो, म्हणजे पाइपचा पहिला भाग इंजिनबरोबरच हलतो आणि लवचिकपणा मागच्या लांब भागात येतो. आमचा ब्रॅकेट गायब होता, कुठल्यातरी वेल्डिंगच्या वेळी काढला आणि परत लावलाच नाही, कदाचित माझ्यासमोरच. ३ मिलिमीटरच्या पट्टीचा नवा करून लावला. तुमचा आहे का ते आजच खाली वाकून बघा. आणि ह्या जोडातून धूर येत असेल तर काचा बंद करून फिरू नका, तो जोड बल्कहेडच्या अगदी जवळ आहे आणि जुन्या गाडीच्या बल्कहेडला भोकं किती असतात ते आपल्याला माहिती आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेवटी माझा गाढवपणा. सगळं बसवलं, सेल्फ मारला, इंजिन आळसटल्यासारखं फिरलं आणि चोकच्या नॉबमधून धूर. अक्षरशः चोकची केबल गरम होऊन प्लॅस्टिक वितळायला लागलं. इंजिन रबरावर बसलंय, बॉडीशी अर्थ फक्त त्या जाळीदार पट्टीनं मिळतो आणि ती मी बोल्ट काढताना बाजूला केली ती तशीच लोंबत होती, मग सेल्फचा सगळा करंट चोकच्या केबलमधून. पट्टी लावली, केबल नवी टाकली, त्या दिवशी परत हात लावला नाही.

आता आठ महिने झाले. दोन वेळा तुळजापूर, एकदा पंढरपूर, एक पूर्ण उन्हाळा. खडूच्या रेघेवर झोका ६ मिलिमीटर, सगळं नवं बसवलं त्या दिवशी ५ होता. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत एकदा बघितले, बारचा एक पाव फेरा आवळला गेला, बाकी जिथल्या तिथं. पाइप शाबूत आहे. आयडलला गिअरचा दांडा अजून किंचित थरथरतो, ते मला वाटतं कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग आहे, माउंटिंगचं नाही, पण अण्णा परवा येता येता थांबून परत बघून गेलेत आणि काही बोलले नाहीत, त्यामुळं जरा धाकधूक आहे.